राहिलेल्या घंटा

माझ्या निवृत्तीच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष रामराव यांची भर सभेत सालटी काढायची, हे मी पक्कं ठरवलं होतं! टेंभुर्णीत आमची मुलींची शाळा, मी मुख्याध्यापिका. शाळेत संडास नाही, पोरी तुरीच्या रानात जातात, आणि हे गृहस्थ दरवर्षी "बघू बाई, बघू" म्हणत पेढा खाऊन जातात! भाषण मी आंघोळ करतानासुद्धा घोकलं होतं.

त्याच सुमारास, दोन हजार पाचच्या आसपास, शाळेला लिनक्सवाला संगणक मिळाला आणि गणिताच्या भुजंग सरांना शेल स्क्रिप्टचं वेड लागलं. नव्या नवरीनं माहेरचं पत्र वाचावं तसे ते जाडजूड पुस्तक वाचत बसायचे.

"काय चाललंय, सर?"

"शिकून राह्यलो, बाई. कामं एकदा लिहून द्यायची, मंग संगणक आपल्या मनानं करतो. घंटा, राष्ट्रगीत, सगळं भोंग्यावर बराबर वेळेला!"

"आणि लाईट गेली तर?"

"तेवढी घंटा बुडाली."

"बुडाली? माझ्या शाळेत? गैरहजर पोरीचा बुडालेला अभ्यास मी आल्याआल्या करून घेते. तुमच्या संगणकाचेच काय लाड? लाईट आली की राहिलेलं सगळं क्रमानं करायचं!"

"बिलकुल!" म्हणाले सर, आणि तसं लिहिलंसुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. शाळा सुटायची वेळ टळून गेली तेव्हा रामराव उगवले. तोवर पोरी मी पटांगणात डांबून ठेवल्या होत्या. मी उठले. रीत म्हणून आधी गोड बोलले, "रामरावांसारखे दिलदार अध्यक्ष या शाळेला लाभले..." मग श्वास घेतला. "पण रामराव..."

आणि लाईट आली!

घंटा! राष्ट्रगीत! सगळे ताडकन उभे. रामराव तर टेलिफोनच्या खांबासारखे ताठ. संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स काखेत, आणि मी सावधान! राग नुसता आत खदखदतोय!

राष्ट्रगीत संपलं. "पण रामराव..."

मधल्या सुटीची घंटा! पोरी डबे घेऊन उधळल्या.

"बसा गं खाली!"

"बाई, घंटा झाली ना!"

"सर, बंद करा ते!" मी किल्ली भिरकावली. ती पोरींच्या पायांत पडली. भुजंग सर गुडघ्यांवर रांगत शोधू लागले, तोच वंदे मातरम्! सर धुळीसकट सावधान.

त्यामागून सुटीची लांबलचक घंटा. पटांगण रिकामं! उरले मी, सर आणि डोळे पुसणारे रामराव.

"बाई, माह्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं न्हाई. मागा, काय पाहिजे?"

"संडास!" मी किंचाळले.

"दिला!"

आणि खरंच, पावसाळ्याआधी बांधून झाला. उद्घाटनाला मला बोलावलं.

"पाह्यलं का बाई, स्क्रिप्टनं काम केलं!" भुजंग सर दात काढून म्हणाले.

माइक हातात आला. लाईट होती. पोरी बसल्या होत्या. रामराव समोरच होते. मी म्हणाले, "पण रामराव..." आणि थांबले. आता बोलायचं काय, कपाळ? इतक्या वर्षांच्या माझ्या रागाचं कारणच त्या माणसानं फरशीसकट बांधून टाकलं होतं!

भाषण अजून तोंडपाठ आहे. तुमच्याकडे कोणी अध्यक्ष असेल तर सांगा, मी येते.