हितसंबंध : काही नाही

“निःपक्षपातीपणा कशाशी खातात, ते आता कळेल सगळ्यांना!” लेकीच्या वेण्या घालता घालता तिने जाहीर केलं.

नवरा चहात बिस्कीट बुडवत होता. “लेकीला दोन बिस्किटं आणि मला एक, तोच ना?”

तिने लक्ष दिलं नाही. ती वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसायची. वाचनालयाच्या मंडळावर यंदा पहिल्यांदाच कर्मचाऱ्यांपैकी एकाला घ्यायचं होतं, आणि नाव सुचवायला तिघांची समिती हवी होती. “कोण तयार आहे?” विचारल्यावर बाकी सगळे छताचा पंखा न्याहाळू लागले आणि हिचा हात वर गेला!

समितीवरच्यांना एक कागद भरायचा होता. उमेदवाराशी काही नातं, मैत्री, हितसंबंध? घोडं तिथेच अडलं. कारण अर्ज करणाऱ्यांत बांधणीकाका होते.

बांधणीकाका तळमजल्यावर तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसलेले. मंडळावरच्या लोकांनी पुस्तक हातात धरलेलं फक्त फोटोत दिसायचं. तिथे काका गेले असते, तर ओल धरलेल्या कपाटांना कुणीतरी वाली मिळाला असता. पण शाळा सुटल्यावर, रोज चार ते साडेपाच, तिची पाच वर्षांची लेक काकांच्याच टेबलापाशी पुठ्ठ्याचे तुकडे आणि खळ घेऊन रमायची!

‘हे लिहिलं तर लोक म्हणतील, मुलगी सांभाळली म्हणून नाव सुचवलं. बट्टा काकांना लागेल!’ तिने विचार केला आणि तोडगा काढला. बैठकीपर्यंत पंधरा दिवस संबंधच ठेवायचा नाही! कागदावर ऐटीत लिहिलं, ‘काही नाही.’ आणि मग ते खरं करण्याच्या मागे लागली.

लेकीची रवानगी वरच्या वाचनकक्षात झाली. तिथे ती अशी बसायची, जणू कुणी तिला पार्सल करून विसरून गेलंय. काका जिन्यात दिसले की ही नकाशांच्या कपाटाआड! त्यांनी लेकीला बांधून दिलेली चिमुकली वही लिफाफ्यात घालून परत गेली. वर पोचपावती!

“भांडलात का गं?” झेरॉक्सवालीने विचारलं.

“छे! कुणाशी?”

“हे बघ, नावसुद्धा घेत नाहीस!”

दुपारपर्यंत बातमी तयार. काकांच्या हातून पोरीच्या केसांना खळ लागली, केस कापावे लागले, दोन्ही घरांचं बोलणं बंद! ज्या वेण्या रोज सगळ्यांसमोर डुलत होत्या, त्या कापल्या गेल्याचं साऱ्या वाचनालयाला पटलं.

शेवटी काकाच टेबलापाशी आले. हात पुसून पुसून लाल केलेले.

“पोरीला पुरळबिरळ आलं का खळीने? मी ताजीच शिजवतो हो रोज.”

ती खुर्चीतून अर्धी उठली. पण समितीची सदस्या ना! रजिस्टरमध्ये बघत म्हणाली, “अर्जाबद्दल काही असेल तर लेखी द्या, काका.”

काकांनी लेखी दिलं.

बैठकीच्या दिवशी लेकीला बाहेरच्या बाकावर बसवून ती आत गेली. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंनी चष्मा पुसला आणि काकांचा अर्ज उचलला. “समितीतल्या कुणाशी संबंध? यांनी लिहिलंय, ‘देवघेवीच्या ताईंची मुलगी माझी मदतनीस आहे. रोज दीड तास. ताई कळवतीलच.’” मग दुसरा कागद उचलला. “ताईंनी कळवलंय, ‘काही नाही.’”

तिचे कान तापले. “बाई, मी लपवलं नाही. मी... संपवलं!”

“आणि ही कालची चिठ्ठी. ‘माझं काय चुकलं कळत नाही. पण आईला मूल माझ्यापासून दूर ठेवावंसं वाटतंय, म्हणजे मोठंच काहीतरी असणार. असा माणूस मंडळावर नको. अर्ज मागे घेतो.’”

 

“अहो, एक ओळ लिहायची होती,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि त्यांच्या नावाची चर्चा होईल तेवढी दहा मिनिटं बाहेर बसायचं होतं. त्यासाठी माणूस तोडतात का? ‘काही नाही’ खोडा, खरं लिहा आणि ही चिठ्ठी घेऊन बाहेर जा. परत घ्यायची की नाही, ते त्यांना ठरवू दे.”

बाहेर बाकाच्या एका टोकाला तिने बसवलेली लेक आता दुसऱ्या टोकाला सरकली होती. तिथे काका बसले होते.

ती शेजारी टेकली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. नकाशांच्या कपाटासकट! “चुकलं माझं, काका. चिठ्ठी फाडून टाका ना.”

काकांनी चिठ्ठी हातात घेऊन तिची घडी उलगडली. “फाडायची कशाला? जन्मात कागद फाडला नाही मी.” त्यांनी ती उलटी करून लेकीसमोर धरली. “मागची बाजू कोरी आहे. काढ चित्र.”

लेकीने पेन्सिल घेतली आणि आईकडे वर पाहिलं. “आई, तुलापण वर्गाबाहेर बसवलं?”

“हो गं.”

“तू काय केलंस?”

“काही नाही.”

काका खळखळून हसले. “ताई, पुन्हा तेच!”