धामणीच्या नावाची ताटी

धामणीचे डोळे दुधाळ झाले, तसा नलूचा जीव टांगणीला लागला. आता ती कात टाकणार. पण शाळेच्या विज्ञानखोलीत पारा बेचाळिसावर आणि हवा अशी कोरडी की खडूसुद्धा तडकावा. अशा हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर चिकटून बसते आणि साप आंधळा होतो. कात अखंड निघाली तर नववीतली नलू धामण घेऊन वर्ध्याच्या प्रदर्शनाला जाणार होती. आष्टीच्या त्या शाळेतून जाणारी पहिली मुलगी. नाहीतर मुलांचा मोहरीच्या रोपांचा तक्ता होताच तयार.

हेडमास्तर किसनरावांनी तिचा धामणीच्या नावानं केलेला ताटीचा अर्ज चक्क मंजूर केला. खिडकीला वाळ्याची ताटी लागली. नलू विहिरीवरून बादल्या आणून दर अर्ध्या तासानं तिच्यावर पाणी मारी. दोन दिवसांत पारा तिसावर आला, धामणीच्या पेटीतली माती ओलसर राहू लागली, धामण विटेवर नाक घासू लागली.

तिसऱ्या दिवशी किसनराव धामणीची तब्येत विचारायला आले आणि बसले, ते उठलेच नाहीत. चौथ्या दिवशी पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. मग शिवणाच्या शोभाबाई आल्या, लोकरीसकट. भूगोलाचे अण्णाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून निरीक्षण करू लागले. गावात एवढी काळजी कुणी कुणाची केली नसेल.

फक्त धामण हलली की सगळे दचकत. म्हणून पेटी खिडकीपासून कोपऱ्यात गेली, कोपऱ्यातून दारात आणि दारातून वऱ्हांड्यात, पश्चिमेच्या उन्हात.

"सर, ताटी तिच्यासाठी आनली ना?" नलूनं विचारलं.

"मंग? तिच्याच नावावर हाय ना बाई," किसनराव मायेनं म्हणाले. "कागदावरून कोनं खोडलं काय तिचं नाव? जा, पानी मार. हवा गरम येऊन राह्यली."

प्रयोग नलूचा, म्हणून पाणीही नलूनंच मारायचं. बादलीतलं लोटाभर वाचवून ती पेटीवरच्या पोत्यावर शिंपडी; दुसरी बादली भरून येईस्तोवर पोतं कोरडं ठणठणीत.

कात निघाली ती चिंध्यांसारखी. डाव्या डोळ्यावरची तशीच राहिली. ओलं फडकं लावून नलू थकली. शेवटी संध्याकाळी, कुणाला न सांगता, तिनं धामण काकडीच्या वाडीत सोडून दिली.

"सापासाठी काऊन रडून राह्यली?" तिची माय मंदाबाई म्हणाली. "मानसं मेली काय?"

"मानसं थंडाव्यात हायेत," नलू म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तपासणी. साहेबांनी वाळ्याचा वास छाती भरून घेतला आणि ताटी कशासाठी, असं विचारलं. धामणीसाठी, असं किसनरावांनी अभिमानानं सांगितलं.

"मग धामण कुठं आहे?"

किसनरावांनी वऱ्हांड्यातली रिकामी पेटी पाहिली. नलूकडे पाहिलं. नलू ताटीवर पाणी मारत राहिली.

"इथंच आहे साहेब," किसनराव घाम पुसत म्हणाले. "कात टाकली ना, आता खोलीत मोकळी फिरते."

साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मिनिटभरात तपासणी वऱ्हांड्यात, सगळे मास्तर उन्हात, आणि वर्ध्यासाठी मोहरीचा तक्ता तिथल्या तिथं पसंत.

खोलीत एकटी नलू उरली. ती किसनरावांच्या खुर्चीवर बसली. साहेबांची जीप गेल्यावर दार बोटभर किलकिलं झालं.

"नलू, खरंच नाई ना व आत?"

"हाय ना सर," नलू म्हणाली. "तुमच्या टेबलाखालीच हाय."

दार हळूच लागलं.