बेहेरे सर आणि जुईची मंडळी

बेहेरे सर आमच्या घरी आले, की आधी छताकडे बघतात आणि मग माझ्याकडे. दिवा कुठे टांगलाय, पुस्तकांचं कपाट भिंतीला ठोकलंय की नुसतंच टेकवलंय, हे तपासून झालं की ते एक खुर्ची उचलतात, स्वतःच्या पसंतीच्या जागी नेऊन ठेवतात आणि बसतात. ही जागा नेहमी बाथरूमच्या दाराशी असते. "घरातला सगळ्यात मजबूत भाग," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. मी फक्त चहा घेणार का, एवढंच विचारलं होतं.

टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहतात. आगीच्या बंबाची शिडी जिथवर पोचते आणि पुराचं पाणी जिथवर पोचत नाही, असा मजला त्यांना हवा होता. घरं दाखवणारा बिचारा जपानी पोरगा त्यापायी नोकरी सोडायच्या बेतात आला होता म्हणे. सर एका संशोधन संस्थेत धातूंना तडे कसे जातात याचा अभ्यास करतात. उभं आयुष्य यात घालवलेल्या माणसाला पूल दिसत नाही, पुलात पडू शकणारा तडा दिसतो. 'कसे आहात?' म्हटलं, की 'सध्या तरी बरा आहे' असं उत्तर येतं. ट्रेन वेळेवर आली तर 'सध्या तरी आली.' आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला केक घेऊन आले आणि म्हणाले, "अभिनंदन. सध्या तरी छान चाललंय तुमचं." माझा नवरा अजून त्यावर विचार करतोय.

कचऱ्याच्या दिवशी ते सकाळी पिशवी ठेवतात आणि गाडी येईपर्यंत तिथेच उभे राहतात. जळणाऱ्या कचऱ्यात चुकून न जळणारं काही गेलं असेल, तर पिशवीवर लाल चिठ्ठी लागेल आणि शेजारी बघतील, ही धास्ती. चिठ्ठी कधीच लागलेली नाही. त्यामुळे धास्ती वाढतच गेली आहे.

असा हा माणूस एका शनिवारी दुपारी माझ्या दारात आला आणि छताकडे न बघताच आत शिरला. मी घाबरले.

"प्राजक्ता, तू इंग्रजी वाचतेस ना?"

"सर, तुमचे पेपर इंग्रजीतच छापून येतात."

"ते वेगळं. ते कोणी मनापासून लिहिलेलं नसतं." त्यांनी फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. "जुईचा अल्बम आलाय. त्यावर लोकांनी लिहिलंय. तू आधी वाच. मग मला सांग."

जुई म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. ती आणि तिची आई शुभदाताई इंग्लंडमध्ये राहतात, लीड्सला, शुभदाताईंच्या भावाजवळ. जपानमधल्या २०११च्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोघी गेल्या, त्या गेल्याच. सर मागून जाणार होते. प्रोजेक्ट संपला की, मग पुढचा संपला की. हे मला इमारतीतल्या इतरांकडून कळलं होतं. सर त्याबद्दल बोलत नसत. जुई आता चोविशीतली असेल. ती चौघांच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवते. बँडचं नाव असं आहे, की सरांनी ते आजवर उच्चारलेलं नाही. ते 'जुईची मंडळी' म्हणतात. एखादं भजनी मंडळ असावं तसं.

"तुम्ही ऐकलात अल्बम?"

"नाही."

"का?"

"ऐकलं आणि वाईट असलं तर?" त्यांनी खुर्ची बाथरूमच्या दाराशी नेली. "लेख लिहून पाठवला तर मागे घेता येतो. हे तर जगभर गेलंय. वाच."

मी वाचलं. पहिला लेख लंडनच्या एका संगीताच्या साप्ताहिकातला होता आणि चांगला होता. "सर, म्हणतायत की गिटार खरखरीत आहे, कानाला ओरखडे काढणारी."

सरांचा चेहरा पडला. "ओरखडे?"

"अहो, ही स्तुती आहे. या संगीतात ते तसंच हवं असतं. पोस्ट-पंक म्हणतात याला. गोड वाजवलं तर नावं ठेवतात." कॉलेजात असताना पुण्याच्या हॉस्टेलवर माझी रूममेट असलं काहीबाही ऐकायची, त्या भांडवलावर मी बोलत होते. "पुढे म्हणतायत, गाणी सतत तुटण्याच्या बेतात असतात."

"कुठून?"

"काय कुठून?"

"कुठून तुटण्याच्या बेतात? जोडावर की मध्ये?"

मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी ते येऊ लागले. नवा लेख आला की लिंक मला पाठवत, स्वतः उघडत नसत. मी वाचून मराठीत सांगत असे. 'भकास' म्हणजे छान, 'अस्वस्थ करणारं' म्हणजे फारच छान, 'थंडगार' म्हणजे पुन्हा ऐकावंसं वाटणारं, असं त्यांचं शिक्षण चालू झालं. एकाने अल्बमला पाचपैकी चार तारे दिले. "पाचवा का नाही दिला?" सर दिवसभर विचारत राहिले. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, दुधाच्या कपाटापुढे भेटले, तेव्हाही तेच. मला हसू यायचं, पण खोटं कशाला सांगू, शनिवार जवळ आला की मीही फोन सारखा तपासायला लागले होते. माझं ना कोणी त्या बँडमध्ये, ना त्या देशात. तरी लेख उघडताना मी आधी शेवटची ओळ बघायची.

आणि मग तो लेख आला. इंग्लंडमधल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात, नाव असलेल्या समीक्षकाचा. मी वाचत गेले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वाईट आहे," सर म्हणाले.

"थोडा."

"पूर्ण सांग. मधलं गाळू नकोस. न दिसणारा तडाच घात करतो."

मग मी सांगितलं. समीक्षकाच्या मते या पोरांची भीती म्हणजे सोंग होतं. सुखवस्तू घरातल्या मुलांनी उसनी आणलेली भीती. सातव्या गाण्यावर तर त्याने एक अख्खा परिच्छेद खर्च केला होता. त्यातले ड्रम एकसुरी आहेत. बंद खोलीतून कोणीतरी कंटाळवाणेपणाने दार ठोठावत राहावं तसे. आणि गाणं संपत नाही, मध्येच सोडून दिल्यासारखं थांबतं.

मला वाटलं, सर चिडतील. ते उठले, खुर्ची तिथेच सोडून माझ्याजवळ आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"ठोठावत राहावं, असं लिहिलंय?"

"हो."

"लाव ते गाणं."

मी लावलं. गिटार नव्हतीच सुरुवातीला. नुसते ठोके. तीन, मग शांतता. पुन्हा तीन, पुन्हा शांतता. कातडं ताणलेल्या ढोलाचा आवाज नव्हता तो, लाकडाचा होता. हळूहळू मागून गिटार खरवडत आली, एक मुलगा काहीतरी पुटपुटायला लागला, पण ठोके तसेच. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बंद कर. बंद कर, प्राजक्ता."

मी बंद केलं. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी जुईला ताप होता. शाळेत पाठवली नव्हती. शुभदा पुण्याला होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं. लॅबमध्ये एक मशीन चालू राहिलं होतं. मी जुईला म्हटलं, तासाभरात येतो." ते थांबले. "मग भूकंप झाला. ट्रेन बंद पडल्या, फोन लागेनात. मी चालत निघालो. सगळं टोकियो चालत होतं."

"सर, नका सांगू."

"मीच शिकवून ठेवलं होतं तिला. अडकलीस तर ओरडायचं नाही, घसा बसतो आणि कोणाला ऐकू जात नाही. काहीतरी ठोकत राहायचं. तीनदा ठोक, थांब, पुन्हा तीनदा. मी आलो तेव्हा काळोख झाला होता. जिन्यातच आवाज आला मला. दार उघडलं, तर ही टेबलाखाली. हातात आमटीचा डाव. टेबलाच्या पायावर ठोकत होती."

माझी नजर आमच्या टेबलाच्या पायाकडे गेली.

"शुभदा आली आणि तिला घेऊन गेली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." त्यांनी चष्मा काढला. "मला सारखं वाटायचं, की ती पोर अजून तिथेच बसलीय. आता हा माणूस छापून सांगतोय, की हो, बसलीय. आणि वर म्हणतोय, सोंग आहे."

"तिलाच विचारा ना," मी म्हटलं.

"काय विचारू? हो म्हणाली तर?"

त्यांचाच फोन मी त्यांच्या हातात दिला. लीड्सला सकाळ असणार होती. फोन कानाला लावणं सरांना मान्य नाही, त्यामुळे स्पीकरवरच ऐकू आलं.

"बाबा? काय झालं? आज रविवार नाहीये."

"काही नाही. तो लेख वाचला."

"अरे देवा, तो! आम्ही व्हॅनमध्ये मोठ्याने वाचला. आमचा गिटारवाला सॅम तर ते टीशर्टवर छापायचं म्हणतोय." मग तिचा आवाज जरा उतरला. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, बाबा. खरंच, इट्स ओके."

"ते सातवं गाणं," सर म्हणाले. "तो टेबलाचा पाय आहे का गं?"

पलीकडे कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कळलं?" जुई म्हणाली. "आईला नाही कळलं."

"तू अजून..." सरांना पुढचं जमेना. "तुला अजून तिथे भीती वाटते का?"

"शेवटपर्यंत ऐकलंत?"

"नाही. बंद करायला लावलं मी."

"मग ऐका ना. मी आहे लाइनवर."

सरांनी माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली. मी माझ्या फोनवर गाणं जिथे थांबलं होतं तिथून लावलं. ठोके सुरू झाले. या वेळी सरांनी टेबल धरलं नाही. ठोके वाढत गेले, मधली शांतता आखडत गेली. कोणीतरी धीर सोडतंय, हात दुखतोय, तरी थांबायचं नाही असं ठरवलंय, हे माझ्यासारखीलाही ऐकू येत होतं. गिटारी एकमेकींवर ओरडत होत्या. आणि मग तिसरा ठोका पडलाच नाही. हातातलं लाकूड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, घरंगळला, आणि ड्रम संपले. त्यानंतर फक्त एक गिटार, अगदी हळू, थोडा वेळ वाजत राहिली. समीक्षक ज्याला अर्धवट म्हणत होता तो शेवट हा होता.

"ऐकलंत?" फोनमधून जुई म्हणाली. "तिथे तुम्ही आलात."

सर माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली उभे होते. फोन दोन्ही हातांत धरला होता.

"मला फार उशीर झाला होता, जुई."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर गाणं एवढं लांब आहे, बाबा."