थोरल्या मासळीची कालव्यांतून सोडवणूक

खाविंदांनीं पुसिलें कीं, मोंटाना प्रांतीं मासळी कालव्यांत कैद जाहली ती कैसी सुटली, तें साद्यंत लिहावें. सबब घडलें तें लिहितों. पदरची मीठमिरची किंचित् घालितों, अन्यथा वाचवत नाहीं.

विलो नदीस बंधारा घालोन कालवा काढिला, तो पाणी नेतो आणि पाण्यासंगें मासळीही नेतो. दस्तूर ऐसा कीं, हंगाम सरतां कालव्याचा दरवाजा रोज थोडथोडा पाडावा, म्हणजे पाणी उतरतें पाहोन मासळी नदीस माघारी जाते. परंतु पाटकरी वर्ल टोलफसन यांची मति सांबराच्या शिकारीनें ग्रासिली. शनिवारीं शिकार खुली होणार, म्हणोन शुक्रवारींच दरवाजा एका दमांत पाडिला आणि बंदूक पुसत बसले. कालवा आटला आणि डोंगरींच्या ओढ्यांत अंडीं घालोन परतणारी बुल ट्राउट जातीच्या मासळीची थोरली मादी डबक्यांत अडकली. ऐशा माद्या त्या नदींत नऊच उरल्या होत्या.

हें वर्तमान शाळेच्या बसच्या सारथी, राजमान्य डार्लीनबाई यांस कळलें आणि क्रोध अनावर जाहला. मग पिवळा रथ काढिला आणि शनिवारीं प्रातःकाळीं वर्ल शिकाऱ्याची नारिंगी बंडी लेवोन गाडी दौडवीत येतां, समोर बस उभी करोन तिचा लाल 'थांबा' फलक बाहेर काढिला. मुलें चढतां-उतरतां तो फलक निघाला कीं त्या मुलखीं कायद्यानें बडे बडे थांबतात. बसमध्यें मूल एकही नाहीं, तरी वर्लचा पाय आपसूक ब्रेकावर गेला.

"डार्लीनबाई, आज सुट्टी आहे ना?"

"तुला नाही. उतर, बादली घे."

"अहो, शिकार वर्षातून एकदाच असते."

"मग ती बिचारी काय रोज मरते?"

मग वर्ल चिखलांत उतरले, दोनदां आपटले आणि तिसऱ्यानें मादी कवेंत धरिली. तों समोरच्या काठीं थोर शिंगांचें सांबर येऊन उभें राहिलें. बंदूक गाडींत, मासळी हातीं. वर्ल त्या समयीं जें बोलले तें लिहिणें योग्य नाहीं; परंतु मिठी सैल केली नाहीं. खरें सांगतों, आम्हांस तो माणूस तेव्हां फार आवडला.

मग गुरांच्या पाण्याच्या टाकींत घालोन मादी बंधाऱ्याखालीं नेली आणि नदींत सोडिली. ती क्षणभर उताणी जाहली. मग शेपूट मारोन खोल गेली.

"गेली. साधं वळूनही बघितलं नाही."

"पोरं बसमधून उतरल्यावर बघतात का रे? पोचली, झालं."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. तह ठरला कीं, शिकार असो वा नसो, दरवाजा चार दिवसांत थोडथोडा पाडावा. मादी एक, नदीस जिवंत रुजू केली असे.