पाठ करून बसणाऱ्यांचे मास्तर

माणसाला आयुष्यात पुढे जायचे असेल तर त्याने आधी नीट पाठ केली पाहिजे. इतर मुले पुस्तक पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. होडी वल्हवणारी मुले जिकडे जायचे तिकडे पाठ करतात, आणि ती सवय जन्मभर सुटत नाही. या खेळाचे शास्त्रच तसे आहे. आठ जण ओळीने बसतात, तोंडे सगळ्यांची मागे आणि होडी पुढे. नववा, जो सगळ्यांत हलका, तो शेपटाकडे बसून एकटा समोर बघतो, सुकाणूच्या दोऱ्या धरतो आणि ओरडतो. (तो वल्हवत नाही. ज्याला दिसते त्याने कामही करावे असा नियम कुठेच नाही.) आणि दहावा काठाकाठाने सायकल हाणत भोंग्यातून त्या नऊ जणांवर ओरडतो. हा दहावा म्हणजे कॉलेजचे मास्तर.

मास्तर या जागेवर आले ते निव्वळ लायकीवर. अर्ज कारकुनाच्या जागेचा होता. मुलाखतीला बाहेर बसले असताना त्यांनी शिपायाकडे पाणी मागितले, तर तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी तांब्या घेऊन धावत आले. त्याच दिवशी नेमणूक झाली. आवाज घरचाच होता. लहानपणी घरात माणसे अकरा आणि न्हाणीघर एक. होडीत मात्र ते कधी बसले नाहीत, बसले की गरगरते. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

शिकवणे सुटसुटीत होते. बसा. पाठ करा. ओढा. मान वळवू नका. भर शेवटच्यावर, कारण एकाने मान वळवली की होडी कलते आणि उरलेल्या सातांना आपण चाललोय कुठे असा प्रश्न पडतो. असल्या प्रश्नांनी वेग जातो.

सव्वीस वर्षांत शर्यती झाल्या एकशे चार. पहिला नंबर नाही. दुसरा तीन वेळा (दोनदा होड्याच दोन होत्या, तिसऱ्यांदा बाकीच्या एकमेकींत अडकल्या). उरलेल्या एकशे एक वेळा शेवटचा. बुडाले कोणी नाही, भिजले सगळे. पण हाताखालून गेलेली मुले बघा म्हणावे. एकसष्ट साहेब झाले, एकोणीस खातेप्रमुख, सात अध्यक्ष. एकाने तर दोन्ही काठांवरून एकदम सुरुवात करून पूल बांधला (दोन्ही अर्ध्यांची गाठ अजून पडलेली नाही, पण काम जोरात आहे). पोहण्याच्या मास्तरांची मुले समोर बघून पोहायची. त्यांच्यातला एकही वर आला नाही. (हुद्द्याने.)

एवढे असून नव्या प्राचार्यबाईंना दिसले ते काचेचे कपाट. त्यात मास्तरांची छत्री होती, जेवणाचा डबा होता, आणि एक करंडक होता, तो कपाटाबरोबर दुकानातूनच आला होता. बाईंनी आठ जणांची समिती नेमली, स्वतःला धरून. गुरुवारी काठावर उभे राहून सराव बघायचा. पसंत न पडल्यास होडी बंद आणि मास्तर ग्रंथालयात.

ग्रंथालयात भिंतीभिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेले होते. मास्तर अंदाज घ्यायला जाऊन आले. आजचे वर्तमानपत्र कुठे आहे एवढेच त्यांनी हळूच विचारले, तर तीन वाचक उठून गेले आणि सकाळपासून झोपलेल्या चौथ्याने पुस्तक परत केले. तिथे आपला दुसरा दिवस उजाडणार नाही हे मास्तरांना कळून चुकले.

घरी जेवताना त्यांनी बातमी सांगितली. (वरच्या मजल्यावरच्यांनाही त्याच वेळी समजली.) बोलल्या त्या सासूबाई. सासूबाई जावयाच्या घरी राहतात असे कोणी म्हटले तर त्या सांगत, मी लेकीकडे राहते, जावई तिथेच असतो त्याला माझा इलाज नाही.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “सव्वीस वर्षं तुमचा आवाज नदीनं ऐकून घेतला म्हणून माझ्या लेकीचा संसार झाला. दिवसभर गप्प बसून तो सगळा साठवून घरी आणणार असाल, तर मी आत्ताच पिशवी भरते.”

“समिती काठावर उभी राहणार, सासूबाई. मी काय करू?”

“काठावर कशाला? काठावरून दिसतं माणसाला. होडीत बसवा त्यांना. पाठ करून.”

गुरुवारी समिती आली. माणसे आठ, जागा आठ. यातच बाईंना नियोजन दिसले. तरंगती जाकिटे बांधून सगळे बसले. नवव्या जागेला हलके माणूस हवे होते आणि समितीत तसे कोणी नव्हते. मजा बघायला आलेल्या सासूबाई पिशवीसकट अडतीस किलो भरल्या. त्यांना शेपटाकडे बसवले.

भोंगा त्यांना लागला नाही. मुख्य लेखापालांना त्यांनी पहिल्याच झटक्याला विचारले, “अहो, ओढताय की चहा ढवळताय?” बाईंना सांगितले, मान सरळ, लग्नातल्या फोटोसारखी. इतक्या वर्षांत त्या आठांना कोणी रागावलेच नव्हते. ते जीव तोडून ओढू लागले. डोळ्यांसमोर घाट लहान झाला, मग ऑफिसची खिडकी, मग अख्खी इमारत. संस्थेला इतक्या वेगाने मागे टाकल्याचे आपण कधी पाहिले नाही, असे खजिनदार धापा टाकत म्हणाले.

होडी कुठे चालली होती ते एकट्या सासूबाईंना ठाऊक होते. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होते आणि पलीकडच्या काठाला एक डेरेदार झाड होते. त्यांनी त्या बाजूची दोरी ओढली. एकोणिसाव्या मिनिटाला होडी निम्मी चिखलात घुसली.

इकडे मास्तरांच्या हातून सायकल पडली. त्यांना समोर ‘शांतता राखा’ दिसू लागले, आणि भोंगा तोंडाला लावून आवाज फुटेना, असे आयुष्यात पहिल्यांदा झाले.

होडीत कोणी हलले नाही. मग बाईंनी मान सरळ ठेवूनच विचारले, “पोचलो का?”

“पोचलो की,” सासूबाई म्हणाल्या. “सावलीत.”

समितीचा अहवाल दोन पानी आहे. ‘गंतव्यस्थान वेळेत गाठण्यात आले. ते मऊ असल्याचे आढळले.’ विभाग चालू ठेवावा, मास्तरांना विभागप्रमुख करावे, आणि दर गुरुवारी सर्व कर्मचाऱ्यांनी वल्हवावे. एका सदस्याने वेगळे मत नोंदवले की आपले बूट चिखलात राहिले. (त्याने मान वळवली होती. त्याला ग्रंथालयात सामावून घेतले.) बढतीचे पत्र मास्तरांनी घरी एकदाच वाचले, वरच्या मजल्यावरचे अभिनंदन करायला खाली आले.

वाचणाऱ्याला हसू येईल. खुशाल हसा, काठावरून हे सगळे गमतीचेच दिसते. पण काठावरची जागा एकच असते आणि ती मास्तरांनी भरली आहे. समोर तोंड करून बसायची दुसरी, ती सासूबाई आता सोडायला तयार नाहीत. तेव्हा आपण कुठे बसलो आहोत आणि हातात काय आहे, ते जरा चाचपून बघा. मान तेवढी वळवू नका. बाकीचे हलतात.