शेवटचा आला!

आमचे मुळ्ये पायी चालतानाही सायकलची घंटी वाजवतात. घंटी सदऱ्याच्या खिशात असते. संध्याकाळी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर, भर बाजारात, पाय ठेवायला जागा नसते, तिथं हे मागून ट्रिंग ट्रिंग करत येतात. माणसं दचकून बाजूला होतात, वळून बघतात, तर सायकल कुठंच नाही. सदुसष्ट वर्षांचा एक बारीक माणूस, हातात मेथीची जुडी. लोक शिव्या घालतात. मुळ्ये शांतपणे म्हणतात, "मागून येणाऱ्यानं कळवावं. कायदा आहे."

कुठला कायदा, ते त्यांनाच ठाऊक. जन्मभर सरकारी कचेरीत बाबूगिरी केली, तेव्हा कायदे त्यांच्याकडे पुष्कळ.

माझं किला गेटपाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं शिकण्यासारखं काही दिसलं नाही. पण डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो, चेन सुकी आहे की चाकातले छर्रे गेलेत. मुळ्ये दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहतात. स्वतःच्या घराचं कुलूप उघडण्याआधीही दोनदा घंटी वाजवतात. आत कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी इंदूरला. मी एकदा विचारलं, "अहो, कुणासाठी वाजवता?"

"झुरळांसाठी. त्यांनाही आवराआवरीला वेळ नको?"

मागच्या थंडीत आमच्या मराठी मंडळातली, मला धरून, आठ माणसं सायकलींवर कोकणचा किनारा बघायला निघाली. पुढारी बँकेतली नेहा. वय तीस, तोंडात अर्धी मराठी अर्धी हिंदी. मला म्हणाली, "मोहितेकाका, तुम्ही चला ना. रस्ते में कुछ टूट गया तो?" मी हो म्हटलं. समुद्राची हौस म्हणून नाही. माझ्या हातच्या सायकली दुसऱ्या कुणी उघडलेल्या मला चालत नाहीत.

पडावच्या स्टेशनावर सायकली गाडीत चढवतानाच मुळ्यांनी जाहीर केलं, "मी सगळ्यांच्या मागे. माझ्या मागे कुणी थांबायचं नाही. कायदा आहे."

किनाऱ्याचा रस्ता सरळ असेल असं मला वाटलं होतं. कसला सरळ! चढ संपला की उतार, उतार संपला की खाडी. प्रत्येक मुक्कामाला आम्ही सात जण आधी पोहोचायचो, चहा प्यायचो आणि रस्त्याकडे बघत उभे राहायचो. मग वळणावर घंटी वाजायची. मुळ्ये एक हात वर करून ओरडायचे, "शेवटचा आला!" पोरं टाळ्या वाजवायची आणि घोड्यावरून नवरदेव उतरावा तसे हे सायकलवरून उतरायचे.

दोन दिवस मी सोसलं. मग विचार केला, मोडतोड झाली मागं आणि मिस्त्री चार मैल पुढं, तर मिस्त्रीचा उपयोग काय? तिसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "मुळ्ये, आजपासून शेवटी मी."

"नाही, मोहिते. तुम्ही पुढं व्हा."

माझे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले. 'पुढं व्हा' म्हटलं की ते पुढं होत. मी नाही झालो.

मुळ्ये बुटाची नाडी बांधायला थांबले. मी चाकातली हवा बघायला थांबलो. ते पाणी प्याले, मी दोनदा प्यालो. ते उतरून पायी चालू लागले, तर मी त्यांच्याहून हळू चाललो. दोन तास हे चाललं. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई मागून आली आणि आम्हाला टाकून पुढं गेली. जाता जाता म्हणाली, "काय ओ आजोबा, सायकलींना काय हवा खायला आणलंय?"

खाडीच्या उताराला लागलो तेव्हा फेरीबोट पाण्याच्या मध्यावर होती. त्यात आमच्यातली सहा हेल्मेटं चमकत होती. तेवढ्यात नेहाचा फोन आला. "काका, कितना वेट करते? पुढची बोट तासाभरानं आहे, त्यानं या आरामात. आम्ही जेवायला पुढं निघतोय. तुम्ही दोघं आहात ना, मग टेन्शन नाही!"

मुळ्ये धक्क्याच्या पायरीवर बसले. खिशातली घंटी काढून हातात धरली, वाजवली नाही.

"बोट गेली, खाडी नाही गेली," मी म्हटलं. "तोंड कशाला पाडलंत?"

मुळ्ये म्हणाले, "मोहिते, एकटा मागं राहिला तर लोक थांबतात. दोघं राहिले की म्हणतात, आहेत एकमेकांना." घंटीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "दोन दिवस सात माणसं माझ्यासाठी रस्त्याकडे बघत उभी होती हो. किती वर्षांनी!"

माफी मागायची मला सवय नाही. "चेन सुकलीय तुमची," असं म्हणून मी तेलाची बाटली काढली आणि त्यांच्या चेनला तेल घातलं. चेन सुकलेली नव्हती.

दुसऱ्या बोटीनं पार झालो. उतरल्या उतरल्या मी सायकलवर टांग टाकली आणि चढ धरला. गुडघे बोंबलत होते. वर एका काजूच्या झाडाखाली उभा राहिलो आणि खाली रस्त्याकडे बघत राहिलो. कुणाची वाट बघणं हे माझं काम नव्हे. पंधरा मिनिटं लागली. मग वळणावर घंटी वाजली, आधी एकदा, जरा भीत भीत. मग मी दिसलो आणि वाजतच राहिली.

"शेवटचा आला!"

"किती उशीर?" मी ओरडलो. "माणसानं थांबायचं तरी किती?"

नवरदेव उतरला.

ग्वाल्हेरला परतून आता बरेच महिने झाले. माझं दुकान सातला बंद होतं. मुळ्ये बाड्यावरून भाजी घेऊन साडेसातला येतात, कधी आठला. मी शटर अर्धं ओढून स्टुलावर बसतो. सूनबाई म्हणते, "बाबा, गिऱ्हाईक नसताना कशाला बसता?" मी सांगतो, शटरचं कुलूप अडकतं. तसाही माझ्या घरी कुणाचा खोळंबा होत नाही. ताट झाकून ठेवलेलं असतं. मी जेवलो की नाही, ते सकाळी भांडी घासताना कळतं.

वळणावर ट्रिंग ट्रिंग होतं. "शेवटचा आला!"

"किती उशीर?" मी शटरखालून ओरडतो. "मेथी काय शेतातून उपटून आणलीत?"

ते हसत मागच्या गल्लीत वळतात. मी कान देऊन ऐकतो. किल्ली फिरते, कुलपाचा खटका होतो, दार करकरतं. घंटी मात्र तिथं ते हल्ली वाजवत नाहीत.