आगीची रंगीत तालीम

मला बेशुद्ध पडता येतं. आणि नुसतं पडता येत नाही, झकास पडता येतं! आमच्या मंत्रालयाच्या गणेशोत्सवात मी दरवर्षी नाटकात मरतो, आणि इतका मन लावून मरतो की पडदा पडल्यावर दोन माणसं मला उठवायला येतात. म्हणून दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शहर प्रशासनाची 'फायर मॉक ड्रिल' होणार असं कळलं आणि जखमी म्हणून झोपायला माणसं हवीत असा निरोप आला, तेव्हा पहिला हात माझा वर गेला.

"तुम्हाला त्यासाठी ड्रिल कशाला हवी?" आमची ही, म्हणजे सुरुची म्हणाली. "रविवारी जेवल्यावर सोफ्यावर प्रॅक्टिस चालूच असते की!"

मी दुर्लक्ष केलं. कलावंताला घरात किंमत नसतेच.

ड्रिलचे मुख्य अधिकारी उदयसिंह. मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक झेंडा लावता यावा! त्यांनी जखमींना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या वाटल्या. खालच्या मजल्यावरच्या घोषदांना हिरवी मिळाली. किरकोळ खरचटणे. मला मिळाली लाल. गंभीर, बेशुद्ध! घोषदांचा चेहरा पडला. माझ्या कपाळावर उदयसिंहांनी लाल रंग असा फासला की मी स्वतःच आरशात बघून दचकलो.

"बर्डे साहब, एक बात," उदयसिंह म्हणाले, "आप बेहोश हैं. कुछ भी हो जाए, बोलना नहीं है."

"बिल्कुल!" मी म्हणालो. हाच तो शब्द मला नंतर महागात पडला.

ड्रिल दहाला होती. दहाला ड्रिल बघायला येणारे बडे साहेब आले नाहीत. साडेदहाला बंबवाले आले, पण त्यांना चहा हवा होता. अकरा वाजले तेव्हा सुरुची वैतागली, वर गेली आणि तिने मटकीची उसळ गॅसवर टाकली. तेवढ्यात महिला मंडळाला रांगेत उभं करायला तिला खाली बोलावणं आलं. जाताना ती आमच्या रिंकूला म्हणाली, "उसळीतलं पाणी आटलं की गॅस बंद कर गं."

रिंकू कॉलेजात आहे. जन्म दिल्लीचा, कानात सदानकदा ती बटणं. बाहेर बॉम्ब फुटला तरी हिला गाण्यातलाच ढोल वाटायचा. ती "हो मम्मा" म्हणाली. झालं!

शेवटी भोंगा वाजला. मी हिरवळीवर ठरल्या जागी कोसळलो. काय कोसळलो! एका बाईंनी खरोखर किंकाळी फोडली. चार जणांनी मला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे आवळले. सगळं छान चाललं होतं. फक्त धूर येत नव्हता. जिन्यात ठेवलेली धुराची नळकांडी फुसफुस करून विझली होती, आणि उदयसिंह कुणावर तरी ओरडत होते, "बिना धुएँ की आग दिखाऊँ क्या?"

आणि मग धूर आला! तिसऱ्या मजल्यावरून, दाट, काळा, फर्मास धूर!

"वाह!" उदयसिंहांच्या मिशा फुलल्या. "ये किसने किया? शाबाश!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल वर झाले. मीही एक डोळा किलकिला करून कौतुकाने पाहिलं. प्रशासनाने मनावर घेतलं तर काय होऊ शकत नाही! तेवढ्यात वारा इकडे फिरला आणि मला वास आला.

गोडा मसाला.

अख्ख्या उत्तर भारतात सरकारी धुराला गोड्या मसाल्याचा वास येत नाही! मी दुसरा डोळा उघडला. ती खिडकी आमची होती. आमचं स्वयंपाकघर! मी गर्दीत नजर फिरवली. सुरुची लांब फाटकाशी बायकांची रांग सरळ करत होती. रिंकू कुठेच नव्हती.

ती वरच आहे. कानात बटणं घालून वरच बसली आहे!

"आग!" मी ओरडलो. "मेरे घर में आग है! मेरी बेटी ऊपर है!"

"क्या ऐक्टिंग है!" कुणीतरी म्हणालं.

"सच्ची आग है!"

"बर्डे साहब," उदयसिंह वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "आप बेहोश हैं. सामने से बड़े साहब देख रहे हैं."

मी उठायला गेलो, तर पट्टे. हात सोडवायला गेलो, तर चौघांनी मला दाबून धरलं. मी बोलतच राहिलो, तेव्हा एकाने माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बसवला. त्यानंतर मी जे जे ओरडलो त्याचं "भूं भूं" झालं. आणि ॲम्ब्युलन्सचं दार बंद!

आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीच्या रस्त्याने मला वाट दिली. प्रत्येक चौकात हवालदार हात करून गाड्या अडवत होते. नेहमी याच रस्त्यावर बसमध्ये मी तासभर उभा असतो. आज मला थांबायचं होतं, तर एक लाल सिग्नल लागेना!

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा मुखवटा काढला, रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर, आपका बीपी तो सच में बहुत हाई है!"

"मॅडम, मेरा घर जल रहा है! बेटी अंदर है!"

"हाँ हाँ, सब ठीक है," त्या नर्सकडे वळून म्हणाल्या. "पेशंट को भ्रम हो रहा है. इंजेक्शन तैयार करो."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मी रडवेला होऊन त्याच्याकडे मान वळवली. नर्सला दया आली, तिने तो माझ्या कानाला लावला.

"बाबा! तुमचा व्हिडिओ काय भारी आलाय, यार!" रिंकू! "मी ना, खाली पाण्याच्या टाकीच्या मागून शूट करत होते. पूरा कवर केलंय!"

मी खरंच रडलो. स्ट्रेचरवर, कपाळाला रंग लावून, भोकाड पसरून रडलो.

"बाबा? अहो, रडताय काय? आग विझली. बंबवाले काका शिडी लावून खिडकीतून गेले. मम्माने उदयसिंह अंकलच्या हातातला माईकच ओढला आणि ओरडली, 'ड्रिल गई भाड़ में, वो मेरी कढ़ई है!' तेव्हा सगळ्यांना समजलं. फक्त कढई आणि पडदा जळला. मी निघताना किचनचं दार ओढलं होतं ना, म्हणून पसरली नाही. काकांनी मला शाबाशी दिली."

"पण गॅस का नाही बंद केलास?"

"मम्मा म्हणाली होती, पाणी आटलं की बंद कर. आटलं म्हणजे अटकलं ना? मी वाट बघत होते की काहीतरी अटकेल. अटकलंच नाही!"

माझा रक्तदाब हळूहळू उतरला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, तशी मी नर्सला पट्टे सोडायला लावले आणि गुपचूप सटकलो. परत सोडायला ॲम्ब्युलन्स नव्हती. "ड्रिल में सिर्फ़ लाना है जी," ड्रायव्हर म्हणाला. मी हात दाखवायच्या आतच रिक्षावाले माझं कपाळ बघून पळत होते. एक थांबला, तो म्हणाला, "पहले थाने जाओ भाईसाहब." शेवटी बस पकडली. आत शिरताच अर्धी बस उठून उभी राहिली.

"कहाँ लगी?" एका आजोबांनी विचारलं.

"मॉक ड्रिल में."

"राम राम! आजकल मशीनें बहुत ख़तरनाक हैं," ते म्हणाले आणि मला पाणी दिलं.

घरी पोचलो. स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या, जमिनीवर पाणी, सुरुची पदर खोचून पुसतेय. रिंकू येऊन गळ्यात पडली. सुरुची ओल्या फडक्याने माझ्या कपाळावरचा रंग पुसायला लागली. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं.

दारात उदयसिंह! मिशा खाली.

"बर्डे साहब! आप यहाँ? हॉस्पिटल वाले कह रहे हैं, गंभीर घायल भाग गया! ऊपर रिपोर्ट जानी है और मेरा एक घायल कम पड़ रहा है. जब तक आपको बाक़ायदा छुट्टी नहीं मिलती, ड्रिल ख़त्म नहीं होती!"

"पण आग तर विझली!"

"वो आग प्लान में थी ही नहीं, साहब! आप थे!"

खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. आता बरी आली! सुरुचीने पुसलेल्या कपाळावर कुणीतरी पुन्हा रंग फासला. मी मुकाट्याने स्ट्रेचरवर आडवा झालो, डोळे मिटले. या खेपेला तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काहीही झालं तरी बोलायचं नाही, हे आता मला पक्कं समजलं होतं.

दार बंद होणार, इतक्यात सुरुचीने आत डोकं घातलं.

"अहो बेशुद्ध! सुटलात की येताना कढई घेऊन या. लोखंडी आणा!"